आधी स्वस्त शंका

तुमच्या घरात आत्ता एक तरी वस्तू अशी असणार, जी 'बिघडली' म्हणून कोपऱ्यात पडलीय आणि नेमकं काय बिघडलंय ते कुणालाच माहीत नाही. मिक्सर असेल, सायकल असेल, बाबांची जुनी स्कूटर असेल. आमच्याकडे ती 2008 ची छोटी पेट्रोल हॅचबॅक होती. सकाळी चालू केली की मागून निळसर धूर. सिग्नलला थांबली की अंगात कापरं भरल्यासारखी थरथरायची. आणि ऑइल! हजार किलोमीटरला अर्धा लिटर गट्टम. गॅरेजमध्ये दाखवली, तर पाच मिनिटांत निकाल लागला : "इंजिनकाम आहे. रिंग-पिस्टन करावं लागेल. 28 ते 30 हजार धरून चला."

बाबांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "विकून टाकू." जुन्या गाड्या घेणाऱ्याने भाव सांगितला, तो ऐकून आई म्हणाली, एवढ्यात चांगला सोफासुद्धा येत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण हा काही सस्पेन्स नाही. बिघाड बऱ्याच अंशी 180 रुपयांच्या एका व्हॉल्व्हमध्ये होता. आकार करंगळीएवढा. तो मी बदलला, घरी, पार्किंगमध्ये, एका रविवारी. ज्या मुलीने तोवर बोनेट फक्त पेट्रोल पंपावर दुसऱ्याला उघडताना पाहिलं होतं, तिने.

आता 'मी कशी भारी' हे सांगायला या पानावरची जागा वापरली, तर तुम्ही पान उलटाल, आणि ते बरोबरच होईल. मुद्दा वेगळा आहे. 180 आणि 30 हजार या दोन आकड्यांच्या मध्ये जे काही आहे, त्याबद्दल बोलायचंय. कारण तिथे फक्त आमची गाडी नाही, आपण सगळेच अडकलोय.

इंजिनालाही श्वास सोडावा लागतो

त्या व्हॉल्व्हचं नाव पीसीव्ही. पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन. नाव ऐकून घाबरू नका, काम साधं आहे.

इंजिनात पिस्टनच्या वर पेट्रोल आणि हवा जळते. पिस्टनभोवतीच्या रिंगा तो दाब अडवतात, पण शंभर टक्के नाही. थोडा वायू फटीतून खाली निसटतोच, अगदी नव्या इंजिनातही. खाली असतं क्रँककेस, म्हणजे जिथे ऑइल असतं तो भाग. निसटलेल्या वायूत अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. तो तिथेच कोंडला तर दोन गोष्टी होतात. दाब वाढून ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडू लागतं. आणि आतल्या आत ऑइल खराब होऊन त्याचा काळा चिखल होतो.

मग हा वायू काढायचा कुठे? जुन्या काळातल्या गाड्यांत सरळ एक नळी खाली सोडलेली असायची. वायू रस्त्यावर, विषय संपला. पण विषय संपला नव्हता. कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या आकाशात धुरकं दाटायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले. कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ होते. ते अननसाच्या स्वादावर काम करत होते. ते काम बाजूला ठेवून त्यांनी हवा तपासायला घेतली आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांतून निघणारं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं. आणि गाडीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या इंधनातला साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नाही, तर या क्रँककेसच्या नळीतून येत होता.

त्यावरचा उपाय म्हणजे हा व्हॉल्व्ह. वायू रस्त्यावर न सोडता परत इंजिनाच्या हवा ओढायच्या वाटेत नेऊन जाळायचा. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि 1963 पासून सगळ्या अमेरिकेत नव्या गाड्यांवर तो येऊ लागला. गाडीचं प्रदूषण कमी करणारा हा पहिलावहिला भाग. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरे मंडळी नंतरची.

आत असते एक छोटी सरकती दांडी आणि एक स्प्रिंग. बस्स. गाडी आयडलिंगला असते तेव्हा इंजिनाचं ओढणं जोरदार असतं, म्हणून दांडी खेचली जाऊन वाट अरुंद होते. ॲक्सिलरेटर दिला की ओढणं कमी होतं, स्प्रिंग दांडीला मागे ढकलते, वाट रुंद होते. आणि इंजिनाने उलटा भडका मारलाच, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो, म्हणजे ज्वाळा खाली जात नाही. सेन्सर नाही, वायर नाही, सॉफ्टवेअर नाही.

बिघडतो तोही सरळसोटपणे. चिखलाने दांडी चिकटते. उघडी राहून चिकटली तर नको तेवढी हवा आणि ऑइलची वाफ आत जाते, गाडी थरथरते, धूर येतो. बंद राहून चिकटली तर दाब कोंडतो, ऑइल गळतं, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल चढतं.

कागदाचा तुकडा

हे सगळं मला कळलं शेजारच्या काकांमुळे. ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. बाबा त्यांना गाडी विकायचं सांगत होते आणि काका ऐकता ऐकता मध्येच म्हणाले, "व्हेंटिलेशन बघितलं का कुणी?" बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी बाबांकडे.

काका म्हणाले, "पोरी, ऑइल कमी होतंय म्हटल्यावर शंका दहा. त्यातली स्वस्त शंका आधी फेडायची. महाग शंका कुठं पळून जात नाही."

हे वाक्य मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय. सबमिशनपासून ब्रेकअपपर्यंत सगळीकडे चालतं.

तपासायला आम्हाला काय लागलं? एक कागदाचा तुकडा. गाडी हँडब्रेकवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, आयडलिंगला. ऑइल भरायचं टोपण काढलं. टोपणाखाली फिकट पिवळी साय जमली होती. काका म्हणाले, गाडी फक्त भाजी आणायला वापरता ना? बरोबर होतं. दोन किलोमीटर जायचं, दोन किलोमीटर यायचं. इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ उडून जात नाही, ऑइलशी मिसळून तिची साय होते. गाडी जुनी झाली म्हणून नाही, पुरेशी चालवली नाही म्हणून ती आजारी पडली होती.

मग त्या तोंडावर कागद ठेवला. सगळं ठीक असेल तर कागद अलगद आत ओढला जातो. आमचा कागद फडफडून वर उडाला. दाब कोंडला होता.

इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं, व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो, लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखा. आमचा मुका. क्रँककेसच्या बाजूने त्यातून हवा जायला हवी, तीही जात नव्हती.

एवढंच. यातलं काहीही गॅरेजमध्ये पाच मिनिटांच्या पलीकडचं नव्हतं.

पान्याला हात लावण्याआधी

तुमच्याही घरात जुनी पेट्रोल गाडी असेल आणि हात शिवशिवत असतील, तर आम्ही केलं ते क्रमाने सांगते. आमच्या चुकाही धरून.

पहिलं, इंजिन पूर्ण गार. तास-दोन तास थांबा. ओढणी, मोकळे केस, कडं, ब्रेसलेट सगळं बाजूला. काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही फिरू शकतो, तिकडे हात नको.

दुसरं, काढण्याआधी फोटो. चारही बाजूंनी. 'लक्षात राहील' हा आत्मविश्वास फार फार तर दहा मिनिटं टिकतो.

तिसरं, व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा. प्रत्येक गाडीत जागा वेगळी. काहींत टॅपेट कव्हरवर रबरी बुशात नुसता खोचलेला असतो, काहींत हवा ओढायच्या मॅनिफोल्डवर आट्यांनी बसवलेला. आमचा आट्यांचा होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला रबरी होज. काही नव्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरच्या आतच असतो, सुटा मिळत नाही. तिथे हा उद्योग करू नका.

चौथं, होज. पक्कडीने क्लिप मागे सरकवायची, होज ओढायचा नाही, आधी हलकासा पिळायचा. मी ओढला. सोळा-सतरा वर्षं गरम हवेत राहिलेलं रबर ते. पापडासारखं तुटलं. मला रडू यायचंच बाकी होतं. काका शांतपणे म्हणाले, "बरं झालं. तो आज ना उद्या तुटलाच असता. तोच जुना परत बसवला असता आपण." नवीन होज घेताना एक लक्षात ठेवा : पेट्रोल आणि ऑइल सोसणारं रबरच हवं. बाथरूमची पाण्याची नळी तापावर मऊ पडते आणि इंजिनाच्या ओढीने आत चिपकते.

पाचवं, नवीन व्हॉल्व्ह. आम्ही नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचे सुटे भाग म्हटलं की पाय आपोआप तिकडेच वळतात. जुना तुकडा खिशात आणि आरसी बुकचा फोटो मोबाइलमध्ये. दुकानदाराने दोन व्हॉल्व्ह समोर ठेवले, दिसायला जुळे भाऊ. एक 70 रुपयांना, एक 180 ला. कुठला घ्यायचा? काकांनी बजावलं होतं की आतलं भोक आणि स्प्रिंग त्या त्या इंजिनाच्या मापाची असते, बाहेरून आटे जुळले म्हणजे जमलं असं नाही. पार्ट नंबर जुळणारा घेतला. होज 140, दोन क्लिपा 40. एकूण 360 रुपये.

सहावं, बसवणं. आट्यांवर आधी हाताने फिरवायचं, पाना नंतर. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचं असतं. तिरका घुसवून पान्याने जोर लावला की आटे गेले, आणि मग खरोखरच हजारोंचं काम निघतं. हाताने फिरेनासा झाला की पान्याने जरासाच आवळायचा. व्हॉल्व्हला दिशा असते, उलटा बसला तर काम करत नाही. फोटो यासाठीच काढायचा.

सातवं, चालू करून कान द्यायचा. फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर कुठेतरी हवा ओढली जातेय, क्लिप नीट बसवा. मग पुन्हा कागद. या वेळी तो अलगद आत ओढला गेला. मी ओरडले. वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या.

आणि आठवं, जे कुणी सांगत नाही : काळं फडकं, सांडलेलं ऑइल गटारात नको. जुनं ऑइल गॅरेजमध्ये साठवतात, तिथे नेऊन द्या. प्रदूषण कमी करणारा भाग बदलून नाल्यात ऑइल ओतायचं, हा विनोद आपल्याला परवडणारा नाही.

एक सूचनाही. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, पेट्रोलची लाइन यांना घरच्या घरी हात लावू नका. तिथे चूक झाली तर गाडी फक्त थरथरत नाही, जीव जातो. आणि वॉरंटीतली गाडी असेल तर तिला तिच्या सर्व्हिस सेंटरलाच जाऊ द्या. आपला हात कुठे थांबतो हे कळणं, हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

मग गॅरेजवाला लबाड होता का?

माझंही पहिलं मत तेच होतं. स्टोरी तयारच होती : 'गॅरेजवाल्यांची लूट'. आम्हा पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना अशी हेडलाइन दिसली की बाकीचं दिसेनासं होतं. पण शिकवलेलं असं आहे की समोरच्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी होत नाही. म्हणून गेले. त्याच गॅरेजमध्ये, जुना व्हॉल्व्ह घेऊन.

दादांनी व्हॉल्व्ह हलवून बघितला. हसले. म्हणाले, "हो, हा बघायला पाहिजे होता." मग पाना खाली ठेवून जे म्हणाले, ते मला त्या व्हॉल्व्हपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

"ताई, तुमची गाडी तासभर तपासली आणि सांगितलं की 180 रुपयांचा पार्ट आहे, तर तुम्ही मला किती देणार? 180 अधिक शंभर. त्या तासाचे पैसे कोण देणार? तपासायचे 300 सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, केलंच काय तुम्ही, नुसतं बघितलं तर. मग पोरं बघायचंच सोडून देतात. मोठं काम सांगतात."

मी गप्प. कारण ते गिऱ्हाईक मी पाहिलं होतं. आमच्याच घरात.

डॉक्टरकडे आपण नुसतं 'बघायचे' पैसे देतो. पाचशे, सातशे, हजार. औषध न देता 'काही नाही, विश्रांती घ्या' म्हणाले तर उलट आनंदाने देतो. मेकॅनिकच्या बाबतीत मात्र आपल्याला वस्तू बदललेली दिसायला हवी. जुना भाग हातात, नवा भाग आत, म्हणजे पैसे वसूल. तपासणं, विचार करणं, कारण शोधणं याला आपण कामच मानत नाही. मग ते कुणी करत नाही. मग पिस्टन बदलले जातात.

म्हणजे मोठ्या बिलाचा एक हिस्सा आपणच लिहितो. याचा अर्थ न तपासता 30 हजार सांगणं बरोबर होतं, असा नाही. ते चूकच होतं. पण 'सगळे लुटारू' म्हणून मोकळं होणं ही त्याहून आळशी चूक आहे.

आपल्याला आतलं माहीत असू नये, असं कुणाला वाटतं?

दुसरीकडे हेही खरं आहे की माहिती आपल्यापासून दूर ठेवण्यात काहींचा फायदा असतो. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने देशातल्या 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मुद्दा काय होता? मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुलेपणाने मिळू दिली जात नाही. प्रकरण पुढे अपिलांमध्ये गेलं. पण प्रश्न सरकारी कागदावर आला. आणि 2022 मध्ये, 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं यांच्यासोबत वाहनंही आहेत.

पण हक्क कागदावर असून भागत नाही. दुरुस्तीचा हक्क वापरायला आधी प्रश्न विचारता यायला हवा. "व्हेंटिलेशन बघितलं का?" हे चार सेकंदांचं वाक्य आमच्या घरात कुणालाच विचारता आलं नाही. मी मास कम्युनिकेशनची पदवी घेतलीय, प्रश्न विचारणं हा माझा पेशा होणार आहे, तरी नाही.

प्रश्न विचारता न येण्याची किंमत फक्त रुपयांत नसते. गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेलो, तेव्हा दादा माझ्याशी नाही, माझ्या बारावीतल्या भावाशी बोलत होते. त्याला तर टायर सोडून काही ओळखता येत नाही. दुसऱ्यांदा हातात व्हॉल्व्ह घेऊन गेले, तेव्हा माझ्याशी बोलले. मैत्रिणींनो, हा फरक तुमच्याही ओळखीचा आहे.

'पण वेळ कुणाला आहे?'

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत, कारण ते माझेही होते.

एक, वेळ नाही. आमचे शोधाशोध, नाना पेठ आणि तुटलेला होज धरून सहा तास गेले. आता करायचं झालं तर अर्ध्या तासाचं काम. सहा तास म्हणजे एका वेब सिरीजचा एक सीझन. वेळ असतो. आपण तो कुठे घालवतो, एवढाच प्रश्न.

दोन, आता इलेक्ट्रिक गाड्या येतायत, हे शिकून काय उपयोग? खरंय, इलेक्ट्रिक गाडीत पीसीव्ही नसतो, कारण तिथे क्रँककेसच नाही. पण रस्त्यावरच्या पेट्रोल गाड्या एका रात्रीत नाहीशा होणार नाहीत. आणि टिकणारी गोष्ट व्हॉल्व्ह नाहीच, पद्धत आहे : लक्षण बघा, शक्यता मांडा, स्वस्त शंका आधी फेडा, एका वेळी एकच गोष्ट बदला, मग पुन्हा तपासा. उद्या बॅटरी असली तरी हेच.

तीन, आणि हा गंभीर आक्षेप : जुन्या गाड्या रस्त्यावर ठेवाव्यातच का? दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 15 वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो उचलून धरला. आपल्याकडे 15 वर्षांनी गाडीची तपासणी करून पुनर्नोंदणी होते. 1 एप्रिल 2022 पासून चारचाकीसाठी ते शुल्क 600 वरून 5,000 रुपयांवर गेलं, शिवाय पर्यावरण कर. सरकार जुनी गाडी महाग करतंय, त्यामागे कारण आहे आणि मला ते नाकारायचं नाही. पण वय आणि अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पीयूसीची नळी फक्त सायलेन्सरमध्ये जाते. ज्या गाडीचा हा होज कुणीतरी शॉर्टकट म्हणून काढून खाली सोडून दिलाय, तिचं रस्त्यावर जाणारं ते सगळं त्या नळीला दिसतच नाही. सर्टिफिकेट मिळतं, हवा तीच. न दुरुस्त केलेली जुनी गाडी वाईटच. पण दर वेळी 'नवीन घ्या' हे उत्तर फक्त ज्यांना परवडतं त्यांचं आहे. बाकीच्यांना चांगली दुरुस्ती हाच प्रदूषणावरचा हाताशी असलेला उपाय आहे.

तर मागणी काय?

एनईपी आल्यापासून आपल्या मार्कशीटवर स्किल कोर्सची क्रेडिट्स दिसतात. मनावर हात ठेवून सांगा, त्यातली किती पीपीटी बनवून मिळाली? बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये कापून ठेवलेलं इंजिन असतं. शहरात आयटीआय असते, तिथे मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करणारी आपल्याच वयाची मुलं असतात. दोघांच्या मध्ये अनेकदा एक भिंत किंवा एक रस्ता असतो, आणि त्या रस्त्याच्या अलीकडची मुलं पलीकडच्यांना 'टेन्थ पास' म्हणून मोजतात.

महिन्यातून एक शनिवार. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, सगळ्यांसाठी. आयटीआयची मुलं शिकवतील, आपण शिकू, आणि त्यांना त्याचं मानधन मिळेल. फ्यूज, पंक्चर, ऑइलची पट्टी वाचणं, फिल्टर बदलणं. कुणी मेकॅनिक होणार नाही, व्हायचंही नाही. पण आपण बरं गिऱ्हाईक होऊ. कारण विचारणारं, आणि कारण शोधण्याचे पैसे न कुरकुरता देणारं. अशी गिऱ्हाइकं वाढली की गॅरेजातल्या पोरांना तपासणं परवडायला लागेल. हे भाषण नाही, साधा हिशोब आहे.

आमच्या गाडीचं काय झालं? व्हॉल्व्ह बदलून 1,400 किलोमीटर झालेत. थरथर गेली, सकाळचा निळा धूर जवळजवळ गेला. ऑइल अजून थोडं कमी होतं. म्हणजे रिंगाही थोड्या झिजल्या असाव्यात, दादांचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतोय. नुसती टेस्ट, 400 रुपये. या वेळी बाबांनी घासाघीस केली नाही.

आता तुमची पाळी. या रविवारी घरच्या गाडीचं बोनेट उघडा. गाडी सपाट जागी, इंजिन गार. ऑइलची पट्टी काढा, फडक्याने पुसा, परत घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का बघा. खर्च शून्य. नसेल, तर कुणाला तरी विचारा : कुठे गेलं?